मदन महलाच्या पायथ्याची चूल

बदलीच्या हुकुमात पदनाम असते, वेतनश्रेणी असते, रुजू होण्याची तारीख असते. नव्या गावच्या पिठाविषयी मात्र त्यात एक अक्षरही नसते. आणि परमुलखात गेलेल्या मराठी कुटुंबाचे पहिले भांडण घरमालकाशी होण्यापूर्वी पिठाशी होते. कणीक हाताला वेगळी लागते, ज्वारी मिळत नाही, मिळाली तर जुनी निघते, भाकरी थापताना चिरते. वर्षा-दोन वर्षांत ह्या भांडणाचा निकाल लागतो तो बहुधा दोन रीतींनी. एक तर सुटीहून परतताना पिशव्या-डबे भरून आणून घर जसेच्या तसे राखावयाचे, नाही तर कंटाळून पाव, बिस्किटे आणि बाजारचा फराळ ह्यांच्या स्वाधीन व्हावयाचे. तिसरा एक मार्ग आहे. ज्या मातीत आपण राहावयास आलो, तिचेच रोजचे धान्य जाणून घ्यावे आणि ते आपल्या चुलीवर चढवावे. ह्या तिसऱ्या मार्गाचा इतिहास जबलपूरच्या मदन महल परिसराच्या आधाराने आम्ही येथे सांगू इच्छितो. तो सगळाच गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यात एका डाळीने पांगळी केलेली गावेही आहेत.

मदन महल हे नाव आज आगगाडीच्या स्थानकामुळे व भोवतीच्या दाट वस्तीमुळे सर्वपरिचित झाले आहे. मूळ वास्तू टेकडीच्या माथ्यावर, एका अजस्र ग्रॅनाइट शिळेवर उभी आहे. परंपरा तिचा संबंध गोंड राजा मदनसिंह ह्याच्याशी जोडते आणि तिला बाराव्या शतकाच्या आसपास नेते. महाल म्हणावा असा तिचा विस्तार नाही. टेहळणीची चौकी म्हटल्यास अधिक शोभेल. जवळच एका खडकावर दुसरा खडक जेमतेम टेकलेला आहे. 22 मे 1997 च्या भूकंपात शहरातील कित्येक घरे पडली, हा दगड मात्र हलला नाही, ही गोष्ट जबलपूरकर पाहुण्यास सांगितल्यावाचून सोडीत नाहीत.

चौकी उंचावर असते ती शत्रू दिसावा म्हणून. आम्हांस तिचा उपयोग वाटतो तो ह्या मुलखाचे ताट समजून घेण्यासाठी. एका बाजूस पाटण-सिहोऱ्याकडे पसरलेला काळ्या मातीचा सपाट प्रदेश. तेथे गहू आणि हरभरा. दुसऱ्या बाजूस मंडला-दिंडोरीकडे चढत गेलेली डोंगराळ, उथळ, खडकाळ जमीन. तेथे कोदो आणि कुटकी. गढा-मंडल्याचे राज्य ह्या दोन्ही मातींवर उभे होते. अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त गढ्याविषयी लिहिताना येथील रयत सारा मोहरांत व हत्तींत भरते असे म्हटले आहे आणि येथील पीक गुजराथ व दख्खन ह्यांना पुरून उरेल अशी ग्वाही दिली आहे. बादशाही कारकुनाच्या लेखणीत थोडी फुगवण असणारच; परंतु 24 जून 1564 रोजी राणी दुर्गावती ज्या राज्यासाठी आसफखानाच्या फौजेशी लढता लढता मेली, ते रानटी व उपाशी राज्य नव्हते एवढे त्यावरून निश्चित होते. राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, तिचा मंत्री आधार कायस्थ ह्याच्या नावाचा आधारताल ही नावे आजही शहराच्या पत्त्यांत आहेत. पाणी अडविणे हीच ह्या मुलखाची खरी विद्या होय.

ही विद्या शेतातही उतरलेली होती. काळ्या मातीच्या ह्या पट्ट्याला 'हवेली' म्हणत आणि तेथील शेतीच्या रीतीलाही तेच नाव मिळाले. शेताच्या चहूंकडे मातीचे बांध घालावयाचे, पावसाळाभर त्यात पाणी कोंडून ठेवावयाचे, आश्विनाच्या सुमारास ते सोडून द्यावयाचे आणि ओल्या जमिनीत गहू पेरावयाचा. पुढे पाटाच्या पाण्यावाचून पीक निघे. साचलेल्या पाण्याखाली तण कुजून जाई, नांगरटीचे कष्ट वाचत. वरकड देशांत पाणी पिकाला पाजतात. येथे ते जमिनीलाच आधी पाजून ठेवीत, असे म्हणावयास हरकत नाही. ह्या शेतांत पुष्कळदा गहू आणि हरभरा एकत्र पेरीत, एकत्र कापीत आणि एकत्रच दळीत. ह्या मिश्र धान्यास 'बिर्रा' म्हणतात. शेतकऱ्याचा हिशेब साधा होता: एक पीक गेले तर दुसरे हाती लागावे. परंतु त्याच हिशेबाने भाकरीचेही कल्याण झाले, हे आहारशास्त्राने पुढे दाखवून दिले. गव्हात जे कमी ते हरभऱ्यात पुरेसे असते, आणि दोन्ही मिळून जे प्रथिन तयार होते ते एकेकट्याहून सरस ठरते.

मराठी अंमलदार ह्या मुलखाला नवे नाहीत. 1742 मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांची स्वारी मंडल्यावर आली. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतला. शतक संपता संपता तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हाती पडला. म्हणजे छत्तीस-सदतीस वर्षे येथील दप्तर मराठी माणसाच्या हाती होते. त्या कमाविसदारांच्या व कारकुनांच्या घरी काय शिजत होते ह्याचा जमाखर्च इतिहासाने ठेवलेला नाही. लढाया नोंदल्या जातात, फोडण्या नोंदल्या जात नाहीत. परंतु ताटातच एक पुरावा उरला आहे, आणि तो आम्हांस कागदाइतकाच बोलका वाटतो.

जबलपूर, नरसिंहपूर आणि एकंदर नर्मदाखोऱ्यात 'गक्कड-भर्ता' नावाचे जेवण आहे. जाडसर कणकेत मीठ-ओवा घालून घट्ट गोळे वळतात, गोवऱ्यांचा जाळ ओसरून निखारा उरला की त्यावर हे गोळे मांडतात, फिरवीत फिरवीत भाजतात, शेवटी ऊन राखेत थोडा वेळ ठेवतात. नंतर राख झटकून, गोळा हाताने फोडून त्यावर तूप. त्याच निखाऱ्यात वांगी, टोमॅटो, लसूण, मिरच्या भाजून त्यांचे भरीत. वऱ्हाड-नागपूरकडील वाचक हे वर्णन वाचता वाचता म्हणतील की हा तर आमचा रोडगा! आणि ते खरेच आहे. रोडग्यात कणकेचे थर असतात, जोडीला वरण आणि वांग्याची भाजी असते, पळसाच्या पानांत लपेटून भाजले की त्यांचे पानगे होतात. परंतु गोवरी, निखारा, जाड कणीक आणि वांगे ही चौकडी दोन्हीकडे एकच आहे. मारुतीच्या नवसाचा रोडगा विदर्भातील शेतांत आजही होतो. एकनाथांच्या भारुडात तो भवानीला बोललेला आहे. नाथ 1599 मध्ये समाधिस्थ झाले. म्हणजे दुर्गावती गढ्यात राज्य करीत असताना गोदाकाठी हा शब्द लोकांच्या तोंडी रुळलेला होता. आणखी मागे जावयाचे तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा 1130 च्या सुमाराचा ग्रंथ आहे. त्यात निखाऱ्यावर भाजलेल्या गव्हाच्या पोळीस 'अंगारपोलिका' म्हटले आहे.

तेव्हा भट्टीत भाजण्याची कला आपणांस गोऱ्या शिपायाच्या छावणीने शिकविली, हा समज सोडून द्यावा. छावणीने आणला तो आंबवलेला पाव आणि पांढरा मैदा. भाजणे आपले होतेच. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे 'भानोले' खाली-वर निखारे ठेवूनच होते. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' 1875 मध्ये निघाले, विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणीमित्र' आले, आणि छापील पुस्तकांच्या वाटेने एका जातीची वा प्रांताची कृती दुसऱ्याच्या घरी जाऊ लागली. रोडगा मात्र पुस्तकावाचूनच नर्मदेपर्यंत पसरलेला होता. तो कोणी कोणाकडून घेतला, हा वाद आम्ही घालीत नाही. जेथे गहू आहे, गुरे आहेत आणि शेतात दिवसभर राबणारा माणूस आहे, तेथे तो आपोआप सुचण्यासारखा आहे.

आता ह्या इतिहासाच्या काळ्या पानाकडे वळले पाहिजे. जुने ते सगळे आरोग्याचे, आजीच्या हातचे ते सगळे पथ्याचे, असे हल्ली फार बोलले जाते. ज्यांना असे वाटते त्यांनी विल्यम स्लीमन ह्याचे पुस्तक अवश्य पाहावे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याची कीर्ती आहे. परंतु नर्मदाकाठी वर्षानुवर्षे अंमलदारी केलेला हा गृहस्थ शेती व धान्य ह्यांकडेही बारकाईने पाहत असे. 1844 मध्ये त्याने आपल्या भ्रमंतीचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच्या शीर्षकात स्वतःस हिंदुस्थानातील एक अधिकारी म्हणवून घेतले. त्यात सागरकडील एका गावाची हकीकत आहे. 1829 मध्ये तेथील गहू गारपिटीने गेला. 1830 मध्ये पावसाने दगा दिला. 1831 मध्ये पिकावर रोग पडला. ह्या तीन वर्षांत गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारा, एरवी गुरांना घालावयाचा तिवडा तेवढा जोमाने वाढला. लोकांनी तो कापला आणि त्यावर दिवस काढले. 1833 पासून गावातील तरुण मुले-मुली एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली. तिशीच्या आतील जवळजवळ अर्धे तरुण दोन वर्षांत असे अधू झाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. दुखणे अचानक येई आणि गेलेले पाय परत येत नसत.

हा तिवडा म्हणजे खेसारी, विदर्भातील 'लाख' किंवा 'लाखोळी'. त्याच्यातील विषारी द्रव्य बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा ह्या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये वेगळे करून दाखविले. मधल्या एकशेतीस वर्षांत किती माणसे काठीवर आली ह्याची गणती कोण करणार? रीवा जिल्ह्यात तर शेतमजुराला मजुरीच ह्या धान्यात मिळत असे. त्यामुळे जमीनदाराच्या घरी गहू आणि मजुराच्या घरी लकवा अशी वाटणी झाली. 1961 मध्ये बहुतेक राज्यांनी ह्या डाळीची विक्री बंद केली, महाराष्ट्राने 2008 मध्ये बंदी उठविली, आणि रायपूरकडे 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' अशा कमी विषाच्या जाती निघाल्या. ही डाळ प्रसंगी थोडी खाण्यात आल्याने कोणी पांगळे होत नाही. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली म्हणजे घात होतो. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले असता विषाचा बराच भाग निघून जातो. तरीही स्वस्त बेसनात तिची भेसळ होते हे ध्यानात ठेवून हरभऱ्याची डाळ पाहून घ्यावी आणि घरी किंवा समोर दळून घ्यावी असे आमचे मत आहे. लाखेचा दाणा कोनदार, पाचरीसारखा असतो. एकदा दोन्ही डाळी शेजारी ठेवून पाहिल्या की डोळा सहसा फसत नाही.

डोंगरावरच्या धान्याची हकीकत अधिक सुखाची आहे, तरी तीतही एक काटा आहे. कोदो म्हणजे कोकणातील हरीक. कुटकी म्हणजे सह्याद्रीच्या उतारावर पिकणारी आपली वरी. आम्हांस ह्यात एक गंमत वाटते. जे धान्य मंडल्याचा गोंड आणि दिंडोरीचा बैगा रोज पोटभर खातो, तेच पुण्याचा गृहस्थ एकादशीस उपवास म्हणून खातो! नागर मंडळींनी ह्या धान्यांस शंभर वर्षे 'गरिबांचे' म्हणून नाके मुरडली. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा तीच सुबक पुड्यांतून दामदुपटीने आली. त्याच वर्षी दिंडोरी जिल्ह्यातील लहरीबाई ह्या बैगा स्त्रीचे नाव देशभर झाले. तिने आपल्या झोपडीत दीडशेवर वाणांचे बी जतन करून ठेवले होते. विद्यापीठांची गोदामे आहेतच, आणि जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने कोदोचे सुधारलेले वाणही दिले आहेत. तथापि एका अशिक्षित बाईच्या मडक्यांतील हे भांडार पाहून अधिकाऱ्यांनीही टोपी काढावी असे ते आहे.

काटा असा की ओल्या हवेत कापणी झाली तर कोदोवर बुरशी धरते आणि तो भात खाणाऱ्यास गुंगी येते, वांत्या होतात. खेड्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. बुरशीतील विषाचे नाव 1985 मध्ये ठरले. 2024 च्या ऑक्टोबरअखेर बांधवगडच्या जंगलात असा कोदो खाऊन 10 हत्ती दगावले. म्हणून कोदो कोरडा, स्वच्छ, काळपट न पडलेला, खात्रीच्या माणसाकडून घ्यावा. चांगला वाळवलेला कोदो कोंड्यासकट वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्यामुळेच दुष्काळात तो कणगीतून निघे, ही त्याची दुसरी बाजू.

दुष्काळाचा उल्लेख आला आहे तर आगगाडीचाही केला पाहिजे. अलाहाबादकडून रूळ 1867 मध्ये जबलपूरला पोचले, आणि 1870 च्या मार्चात मुंबईकडील रुळांशी त्यांची येथेच गाठ पडली. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. हवेलीचा गहू मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेस जाऊ लागला. भाव चढले, शेतकरी काही वर्षे खूष होता. मग 1896-97 व 1899-1900 चे दुष्काळ आले आणि 1891 ते 1901 ह्या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. गहू पिकविणारा गव्हावाचून मेला, हे वाक्य लिहितानाही लेखणी अडखळते.

त्याच रुळांवरून नवे मराठी अंमलदार आले. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेल्यावर नागपूर-अमरावतीचा माणूस जबलपुरास जाई, जबलपूरचा अकोल्यास येई. सगळे एकच सरकार होते. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ वेगळा झाला, नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास बसले, आणि काल घरच्या प्रांतात असलेली मराठी कुटुंबे हुकूम न होताच परप्रांतात गेली! ह्या घरांतून जी चूल चालली तिच्याविषयी आम्हांस विशेष आदर आहे. पत्र्याचा डबा, तळाशी वाळू, वर झाकणावर निखारे, एवढ्या सामग्रीवर नानकटाई आणि कणकेचा केक होत असे. पुढे ॲल्युमिनियमची गोल विजेची भट्टी आली. अनेक घरांतून कणीक, तूप, साखर घेऊन बेकरीत जावयाचे आणि समोर बिस्किटे भाजून आणावयाची असाही प्रघात होता. त्यात निदान पोटात काय जाते ते डोळ्यांना दिसे.

मैद्याविषयी आकड्यांनीच बोलावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत 100 ग्रॅम कणकेत तंतू सुमारे 11 ग्रॅम आहेत, मैद्यात 3 ग्रॅमही नाहीत. सडलेल्या पांढऱ्या तांदळाची गत तीच. कोदोत ते 6 ग्रॅमच्या वर आणि कुटकीत त्याहून थोडे अधिक. ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. भाताऐवजी कोदो किंवा कुटकी खाण्यात निश्चित लाभ आहे; परंतु चाळणीने न चाळलेल्या साध्या गव्हाच्या कणकेला हिणवून महागडी भरड पिठे घेण्यात फारसे शहाणपण नाही. चाळणीत राहिलेला कोंडा आपण गाईला घालतो आणि मग औषधवाल्याकडून तंतूंची पूड विकत आणतो, ही रीत आम्हांस तरी कळत नाही. तीन वाट्या कणकेत एक वाटी हरभऱ्याचे पीठ, म्हणजे बिऱ्र्याचाच मेळ, केला तर 100 ग्रॅम मिश्रणात प्रथिने 13 ग्रॅमपर्यंत जातात. नुसत्या कणकेत ती साडेदहा असतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या सरकारी घरात गोवऱ्या पेटविता येत नाहीत हे आम्ही जाणतो. परंतु गक्कड भट्टीतही उत्तम होतो. वरच्या मापाचे पीठ रवाळ दळून घ्यावे. त्यात मीठ, ओवा, भाजून भरडलेले जवस दोन चमचे, तेल तीन चमचे आणि घट्ट दही घालून पीठ घट्ट मळावे व अर्धा तास झाकून ठेवावे. लिंबाएवढे गोळे किंचित चपटे करून, मध्ये अंगठ्याने दाबून, 180 अंशांवर तापलेल्या भट्टीत पंचवीस ते तीस मिनिटे ठेवावे. मध्यंतरी एकदा उलटावे. वरचे कवच तडकले आणि बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला म्हणजे झाले. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या कढईत वाळू किंवा मीठ तापवून, त्यावर जाळी मांडून, घट्ट झाकणाखाली हेच काम थोड्या अधिक वेळात होते. आत कच्चे राहील अशी भीती वाटल्यास गोळे आधी दहा मिनिटे वाफवून घ्यावेत. चव थोडी उतरते, पण पोट बिघडत नाही. तूप वरून एक चमचा पुरे. जबलपुरात गक्कड तुपाच्या पातेल्यात बुडवून काढतात, पण ते खाऊन नांगर धरावयाचा असतो. आपणांस फाइली धरावयाच्या असतात.

भरताचे वांगे मात्र उघड्या आचेवरच भाजावे. तेथे भट्टीचा उपयोग नाही. साल काळी पडून फुटू लागली, देठाजवळचा भागही मऊ झाला की उतरावे आणि ताटाखाली पाच मिनिटे झाकून ठेवावे. टोमॅटो व लसणीच्या पाकळ्या त्याच आचेवर भाजून घ्याव्यात. तेल कच्चेच, मोहरीचे मिळाल्यास फार चांगले. कोथिंबीर आणि कांदा बारीक चिरून वरून. मदन महलाच्या बाजारात मार्गशीर्ष-पौषात मोठी, हलकी, कमी बियांची वांगी येतात. हातात घेतल्यावर जे वांगे दिसते त्यापेक्षा हलके लागेल ते घ्यावे.